वाचकांचे प्रश्न : पत्रिकेतलं उलटं फूल

प्रश्न : आजीच्या पेटीत तिच्या लग्नाची १९६१ सालची पत्रिका सापडली. चौफेर एकाच फुलाची किनार आहे, पण उजव्या बाजूचं एक फूल उलटं छापलंय. आई म्हणते, अपशकुन आहे. ही नक्षी हातानं काढत का? पत्रिका लॅमिनेट करून ठेवू का?
– एक वाचक, नेर (जि. यवतमाळ)

उत्तर : अपशकुन अजिबात नाही, आईंना निर्धास्त राहायला सांगा. जुळाऱ्याच्या, म्हणजे छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्याच्या हातून एक खिळा, म्हणजे छपाईचा धातूचा सुटा ठसा, फिरला, एवढंच. दारव्ह्याला ट्रेडल मशीनवर, म्हणजे पायानं चालवायच्या छपाईयंत्रावर, माझं आयुष्य गेलं. लग्नसराईत अशा चौकटी रोज जुळवाव्या लागत.

नक्षी काढलेली नाही, जुळवलेली आहे. प्रत्येक फूल म्हणजे शिसं, कथील नि अँटिमनीचा ओतीव खिळा, अक्षरासारखाच. अक्षराच्या खिळ्याला एका अंगाला खाच असते. अंगठ्याला ती लागली की न बघता कळतं, खिळा सरळ बसला. किनारीत मात्र फूल वर एका तोंडानं, उजवीकडं पाव वळसा देऊन, खाली पालथं बसवायचं. खाच चारी दिशांना जाते, अंगठ्याला काही समजत नाही. भिस्त सगळी डोळ्यांवर, आणि खिळ्यावर नक्षी दिसते आरशातल्यासारखी. रात्री कंदिलाच्या उजेडात एखादं फूल निसटणारच.

ही युक्ती फार जुनी. व्हेनिसमध्ये १४७६ साली एरहार्ट राटडोल्ट या मुद्रकानं पुस्तकाच्या पहिल्या पानाला सुंदर चौकट दिली, पण ती लाकडी ठशांची, ठरल्या मापाची. सोळाव्या शतकात रोबेर ग्रांजों या फ्रेंच कारागिरानं अरबी धाटणीची वेलपत्ती सुट्या खिळ्यांत आणली. खिळा फिरवता येतो, पण डाव्याचा उजवा होत नाही. म्हणून डाव्या-उजव्या जोड्या ओतल्या. एकाच नक्षीचे चार खिळे घेऊन चौकोन मांडला, तरी २५६ प्रकारे मांडता येतो! याच ग्रांजोंनं पुढं रोममध्ये अरबी लिपीचेही ठसे कोरले. हा माणूस मला फार मोठा वाटतो.

भिंगातून बघा, दोन फुलांमध्ये केसाएवढी फट दिसेल. तो खिळ्यांचा सांधा. पत्रिकेच्या पाठीवर हलकं बोट फिरवा, दाब अजून लागेल. लॅमिनेशन मात्र करू नका. उष्णतेनं प्लॅस्टिक कागदाला कायमचं चिकटतं आणि तो दाब सपाट होतो. साध्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा.