एडिथ कीलरला सोबत का नेलं नाही?

आधी गोष्ट: 'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेत अंतराळयानाचा डॉक्टर मॅकॉय 'गार्डियन' नावाच्या, बोलणाऱ्या काळाच्या दरवाजातून १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये जातो आणि अपघातात मरणार असलेल्या एडिथ कीलर या समाजसेविकेला वाचवतो. ती पुढे शांतता चळवळ उभारते आणि इतिहास बिघडतो. तो सुधारायला कप्तान कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक मॅकॉयच्या मागे जातात. प्रश्न थोडक्यात असा: 'स्टार ट्रेक'च्या 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर' या एपिसोडमध्ये एडिथ कीलर १९३० नंतरच्या अमेरिकेत असू नये, एवढीच जर इतिहासाची अट असेल, तर कर्कने तिला सरळ २३व्या शतकात का नेलं नाही? ती मेली काय किंवा गायब झाली काय, पुढे रूझवेल्टना भेटायला ती नसणारच. मग तिला ट्रकखाली जाऊ देणं हा पटकथेतला हलगर्जीपणाच ना?

नाही. उत्तर एपिसोडमध्येच आहे, फक्त ते पटकन निसटतं. कर्क आणि स्पॉक उडी मारायच्या आधी गार्डियन सांगतो की काम साधलं तर तुम्ही परत आणले जाल, आणि मग कोणी गेलंच नव्हतं असं होईल. म्हणजे न्यूयॉर्कच्या बाजूला दरवाजाच नाही. गार्डियन त्यांना परत ओढणार तो इतिहास जागेवर आल्यावर. इतिहास जागेवर येणार एडिथ नसल्यावर. आणि एडिथला न्यायचं तर आधी दरवाजा उघडायला हवा. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत. कर्क निघताना मागे राहिलेल्या स्कॉटी या सहकाऱ्याला काय सांगतो तेही बघा: पुरेशी वाट पाहिलीत असं वाटलं की तुम्हीही एकेक जण उडी मारा, निदान कुठल्यातरी भूतकाळात जिवंत तरी राहाल. हव्या त्या क्षणी परत येता येईल अशी खात्री असलेला माणूस असं बोलत नाही.

यापेक्षा अवघड प्रश्न मला वेगळा वाटतो: तिला खरं का सांगितलं नाही? गरिबांना सूप वाटता वाटता अणुशक्तीची आणि अंतराळयानांची स्वप्नं सांगणारी बाई आहे ती. तिने कदाचित विश्वास ठेवलाही असता. पण मग तिने शांतता चळवळ उभारली नाही तरी चालेल की तिने असूच नये, हे ठरवणार कोण? ट्रायकॉर्डरमधून (नोंदी टिपणारं हातातलं यंत्र) स्पॉकला दोनच गोष्टी मिळालेल्या: १९३६ ची राष्ट्राध्यक्षांच्या भेटीची बातमी आणि १९३० ची, रस्त्यावरच्या अपघातात मेल्याची. नेमका दिवस, नेमकी वेळ हाताशी नाही. मध्ये जिन्यावरून ती घसरते तेव्हा कर्क तिला सावरतो आणि स्पॉक लगेच त्याला जाणीव करून देतो. एवढ्या अंधारात कोट्यवधी जिवांचा जुगार खेळायला स्पॉक तयार नाही, आणि कर्कला पर्याय सुचत नाही.

आता त्या शेवटच्या प्रसंगाकडे या, कारण खरी गंमत तिथे आहे आणि तिची चर्चा फार कमी होते. कर्क आणि एडिथ चालत असतात. ती क्लार्क गेबलच्या सिनेमाला जाऊ म्हणते. कर्कला गेबल कोण ते माहीत नाही. ती म्हणते, डॉक्टर मॅकॉयही असंच विचारत होते. मॅकॉयचं नाव ऐकताच कर्क तिला 'इथेच थांब' सांगून रस्ता ओलांडून धावत सुटतो. मिशनच्या, म्हणजे एडिथच्या सूप वाटण्याच्या जागेच्या, दारात तिघे मित्र एकमेकांना भेटतात, हा काय प्रकार म्हणून एडिथ कुतूहलाने रस्त्यात उतरते, आणि ट्रक येतो. तिला वाचवायला धावणाऱ्या मॅकॉयला कर्क धरून ठेवतो. (१९३० साली गेबलला जवळपास कोणीच ओळखत नव्हतं. त्याचं नाव झालं ते १९३१ पासून. म्हणजे कर्कचं अज्ञान उलट त्या काळाला धरूनच होतं!)

नीट विचार केला तर हा अपघात कर्कमुळे झाला. मूळ इतिहासात ना कर्क होता ना मॅकॉय, म्हणजे तिला तिथे, तशा पद्धतीने रस्ता ओलांडायचं कारणच नव्हतं. वर्तमानपत्रातल्या बातमीतला अपघात वेगळा असणार. बिघडलेल्या इतिहासात मॅकॉय एकटाच होता, त्याने तिला वाचवलं ते कदाचित आणखी तिसऱ्याच ठिकाणी. थोडक्यात, कर्कने जुना इतिहास परत आणला नाही, त्याच निकालाचा नवा इतिहास घडवला. याची तयारी आधीच केलेली आहे: काळ नदीसारखा असेल, त्यात प्रवाह आणि भोवरे असतील आणि मॅकॉय ज्या ठिकाणी ओढला गेला तिथेच आपणही ओढले जाऊ, हा स्पॉक आणि कर्कचा तर्क. तो तर्क मॅकॉयपुरता ठेवू नका, एडिथलाही लावा. कर्कने मॅकॉयला धरून ठेवलं हे सगळ्यांना आठवतं. तिला रस्त्यात आणलं कोणी, हे सहसा कोणी विचारत नाही.

पटकथेत भोक शोधायचंच असेल तर ते युद्धाच्या हिशोबात आहे. एडिथच्या चळवळीमुळे अमेरिका युद्धात उशिरा उतरते आणि जर्मनी जड पाण्याचे प्रयोग पुरे करून अणुबॉम्ब आधी बनवते, असं स्पॉक सांगतो. पण अमेरिका युद्धात ओढली गेली ती ७ डिसेंबर १९४१ च्या पर्ल हार्बरमुळे. तो हल्ला कुठल्या शांतता चळवळीने कसा थांबवला असता? नॉर्वेतला वेमोर्कचा जड पाण्याचा कारखाना फेब्रुवारी १९४३ मध्ये उडवला तो ब्रिटनमध्ये तयार झालेल्या नॉर्वेजियन कमांडोंनी. अमेरिकी बॉम्बफेकी विमानं तिथे पोचली नोव्हेंबरमध्ये. शिवाय जर्मनांचा अणुकार्यक्रम बॉम्बच्या जवळपासही नव्हता. तरी मी या बाबतीत फार ताणत नाही. अमेरिकेत तटस्थतेचा कायदा १९३५ मध्येच झाला होता, त्यामुळे 'युद्धापासून दूर राहा' ही भावना हवेतली नव्हती. आणि व्हिएतनाम युद्ध पेटलेलं असताना, एप्रिल १९६७ मध्ये, 'ती बरोबर होती, पण चुकीच्या वेळी' हे वाक्य टीव्हीवर येणं मला आजही अस्वस्थ करतं. नायकाच्या बाजूने ते फारच सोयीचं आहे.

एपिसोडचा लेखक हार्लन एलिसन याच्या मूळ मसुद्यात हा शेवट असा नव्हता. तिथे कर्क गोठतो, त्याच्याने काही होत नाही, आणि वाचवायला धावणाऱ्याला स्पॉक अडवतो. तो वाचवणाराही मॅकॉय नव्हे, तर जहाजावर नशेचा माल विकणारा बेकविथ नावाचा गुन्हेगार. मालिकेच्या लोकांनी बदल केले आणि एलिसन आयुष्यभर चिडलेला राहिला. १९६८ मध्ये त्याच्या मसुद्याला रायटर्स गिल्ड या लेखकसंघटनेचा पुरस्कार मिळाला आणि प्रक्षेपित एपिसोडला विज्ञानकथांचा ह्यूगो पुरस्कार, म्हणजे दोन्ही बाजूंना आपणच बरोबर म्हणायची सोय झाली. माझं मत: शेवट टीव्हीवरचाच सरस. गोठलेल्या कर्कची आपल्याला कीव येते. स्वतःच्या हाताने मित्राला धरून ठेवणाऱ्या कर्कला आपण तितक्या सहज माफ करू शकत नाही. पण एलिसनचा ट्रूपर, व्हर्दूँच्या लढाईत पाय गमावलेला तो भिकारी सैनिक, वगळला हे नुकसान झालं. त्याच्या जागी फेझर या किरणशस्त्राशी खेळताना स्वतःच नाहीसा होणारा एक दारुडा आला. दोघांच्याही मरणाने इतिहास हलत नाही, पण ट्रूपरच्या बाबतीत ते जिव्हारी लागतं.

तो मसुदा १९९६ मध्ये पुस्तकरूपात आला आणि २०१४ मध्ये त्याचं ५ अंकांचं कॉमिकही निघालं. आधी एपिसोड बघा, मग कॉमिक वाचा. उलट केलंत तर टीव्हीवरचा मॅकॉय उगाच पाहुणा वाटेल.