टूरिंग स्की बूट बोटांना टेकतो आणि टाचही उचलते: मोठा नंबर मागवण्याआधी हे करा

लातूरच्या सदस्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पाऊल २६.२ सेंमी. दाजींनी जर्मनीहून टूरिंगचे, म्हणजे स्कीवर डोंगर चढून मग उतरण्याचे, स्की बूट आणलेत, नंबर २६.५ (हा नंबर म्हणजे पावलाची लांबी सेंमीमध्ये), रुंदी १०० मिमी. घरात घातले की बोटं पुढे टेकतात, पंधरा मिनिटांत पावलाची वरची बाजू बधिर होते, डाव्या घोट्याचं आतलं हाड दुखतं आणि जिना चढताना टाच उचलते. फेब्रुवारीत गुलमर्गला जायचंय. दाजी दिवाळीनंतर परत जातायत, तर त्यांच्याकडे बूट देऊन २७.५ मागवावा का?

एवढ्यात नको. तक्रारी नीट वाचल्या तर त्या एकमेकींच्या उलट आहेत. बोटं टेकतात म्हणजे बूट लहान, टाच उचलते म्हणजे बूट मोठा. एकाच बुटात दोन्ही होत असेल, तर बहुतेक वेळा टाच मागच्या खोबणीत बसलेलीच नसते. ती थोडी पुढे राहते म्हणून बोटं टेकतात, आणि तिला कुणी धरलेलं नाही म्हणून ती उचलते. उचलू नये म्हणून तुम्ही मधलं बकल आवळता, मग पाऊल बधिर होतं. घोट्याचं हाडही लायनरमधल्या (आतल्या मऊ बुटातल्या) त्याच्या खळग्यात न बसता कडेवर घासतं. २७.५ घेतला तर फक्त बोटं मोकळी होतील. बाकी तिन्ही तक्रारी वाढतील, आणि उतारावर पाऊल पुढे सरकून अंगठ्याचं नख काळं पडेल ते वेगळंच.

नंबराबद्दल एक गोष्ट दुकानात सहसा सांगत नाहीत. २६.० आणि २६.५ हे बहुतेक कंपन्यांत एकाच शेलचे, म्हणजे बाहेरच्या कडक प्लॅस्टिकच्या कवचाचे, असतात, फरक लायनरचा किंवा नुसत्या इनसोलचा. त्यामुळे २६.५ वरून २७.५ म्हणजे अर्धा नंबर नव्हे, अख्खं पुढचं शेल, लांबीला साधारण १ सेंमी जास्त.

म्हणून आधी शेल तपासा, आणि तेही बदलून मिळायची मुदत संपायच्या आत आणि लायनर गरम करण्याआधी. एकदा पायाच्या आकाराचा झालेला लायनर कुणी परत घेत नाही. लायनर पूर्ण बाहेर काढा. पातळ मोजा घालून पाऊल रिकाम्या शेलमध्ये ठेवा, बोटं पुढच्या भिंतीला जेमतेम टेकवा, गुडघा थोडा वाकवा आणि टाचेमागे किती फट राहते ते बघा. बोटांनी अंदाज घेऊ नका. सुताराकडून १५ मिमी आणि २० मिमी जाडीच्या दोन पट्ट्या कापून आणा आणि त्या सरकवून बघा. टूरिंगसाठी १५ ते २० मिमी फट चांगली. १० च्या खाली असेल तर बूट खरंच लहान आहे, २५ च्या वर असेल तर मोठा आहे, आणि या दोन्ही स्थितींत पुढचं काही वाचायची गरज नाही, बूट बदला. दोन्ही पाय मोजा. पावलं क्वचितच सारखी असतात, आणि शेल नेहमी मोठ्या पावलावरून ठरवायचं.

त्याच वेळी रुंदीही बघून घ्या. रिकाम्या शेलमध्ये चवड्याच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिक टेकत असेल तर लायनर घातल्यावर काय होईल ते उघड आहे. बुटावर लिहिलेले १०० मिमी हे सहसा २६.५ च्याच मापावर दिलेले असतात, म्हणजे तुमच्या बाबतीत तो आकडा तसाच धरा. आपल्याकडे जन्मभर चपला वापरणाऱ्यांचा चवडा पसरट असतो आणि टाच त्या मानाने अरुंद. म्हणून चवड्यासाठी रुंद बूट घ्यावा तर टाच खेळते. यावर उपाय म्हणजे टाचेला बसणारं शेल घ्यायचं आणि पुढून जागा करायची. उलटं करता येत नाही.

पाऊल मोजताना वेळही बघा. ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी मोजलेलं पाऊल थोडं सुजलेलं असतं. सकाळी उठल्या उठल्या मोजलेलं त्याहून बारीक. दिवस मावळल्यावर, पंख्याखाली अर्धा तास बसून, मग भिंतीला टाच लावून, पूर्ण वजन त्या पायावर टाकून मोजा. पायापुढे गुण्या सरळ धरला की सर्वांत लांब बोटाची खूण बिनचूक मिळते.

शेल बरोबर निघालं असं धरून पुढे. बूट घालण्याचा क्रम बहुतेकांचा चुकतो. लायनरची जीभ वर ओढून मधोमध घ्या, मोज्याला एकही चुणी नको. पाय आत गेला की टाच जमिनीवर तीन-चार वेळा ठोका म्हणजे ती मागे सरकते. मग पहिलं बकल मधलं, म्हणजे घोट्याच्या पुढचं, लावायचं. त्यानंतर वरची, मग पॉवर स्ट्रॅप (नडगीवरचा रुंद पट्टा), आणि बोटांवरची सर्वांत शेवटी, जेमतेम अडकतील एवढीच. आता कफ (घोट्यावरचा भाग) स्की मोडवर, म्हणजे उतरण्याच्या स्थितीत, लॉक करून गुडघे दहा-बारा वेळा पुढे दाबा आणि मधलं बकल पुन्हा एक दात आवळा. गुडघे पुढे दाबल्यावर बोटं भिंतीपासून सुटली तर लांबी ठीक आहे. ताठ उभं राहिल्यावर बोटं टेकणं हे स्की बुटात चालतं, नव्या लायनरमध्ये तर टेकायलाच हवीत. लायनर वापराने दबतो आणि काही दिवसांत पाच-सहा मिमी जागा आपोआप होते. पहिल्या दिवशी घरच्या सपातांसारखा वाटणारा बूट दुसऱ्या हंगामात निकामी होतो.

जिन्याची चाचणी मात्र सोडून द्या. या बुटाचा तळवा वाकत नाही, म्हणून पायरीवर चवड्याने रेटलं की टाच उचलणारच. बर्फावर स्कीच्या तळाला स्किन (मागे घसरू न देणारी पट्टी) लावून चढताना पाऊल असं रेटायचं नसतं, स्की घसटत पुढे न्यायची असते आणि बूट बाइंडिंगच्या, म्हणजे बूट स्कीला धरणाऱ्या जोडणीच्या, पुढच्या पिनांवर फिरतो. सपाट फरशीवर, वॉक मोडमध्ये (कफ मोकळा सोडून), गुडघा पुढे आणत पाय घासत चालून बघा. त्यात टाच तीन-चार मिमी हलली तर चालेल. बोटाच्या जाडीइतकी उचलत असेल तर उपाय हवा. आणि हौसेने हे बूट घालून देवगिरी किल्ल्याच्या किंवा गोगाबाबासारख्या टेकडीच्या वाटेला लागू नका. दगडावर तळव्याचं रबर खरवडतं आणि पुढच्या धातूच्या खाचांत माती बसली की बाइंडिंगची पिन नीट धरत नाही. दम वाढवायला टेकडी जरूर चढा, पण ट्रेकिंगच्या बुटात.

आता इनसोल. कंपनीचा असतो तो पातळ कापडी तुकडा, त्याचा आधार शून्य. वजन पडलं की पायाची कमान खाली बसते, पाऊल लांबीला आणि रुंदीला पसरतं, आतलं हाड बाहेर येऊन शेलवर घासतं. तुमची बोटं, बधिरपणा आणि घोटा, तिन्हींत याचा वाटा असू शकतो. कमानीला टणक आधार देणारा इनसोल घ्या, किंवा शहरात पायाचे ऑर्थोटिक करून देणारे असतात त्यांच्याकडून कमी उंचीचा बनवून घ्या. बूट सोबत न्या, नाहीतर तो इनसोल बुटात मावणारच नाही. मऊ जेलचे इनसोल घेऊ नका, त्यावर टाच डुचमळते आणि बुटातली उंचीची जागा फुकट जाते.

यानंतर लायनर गरम करून बसवायचा, आणि निम्म्याहून जास्त काम इथेच होतं. लायनरवर थर्मो-मोल्डेबल असं लिहिलेलं असेल तरच हे करा, आणि कंपनीच्या पत्रकात वेगळी पद्धत असेल तर तीच पाळा. परदेशात दुकानदार खास ओव्हन किंवा ब्लोअर वापरतात. घरी तांदळाची पद्धत चालते. दोन लांब, शंभर टक्के सुती मोजे घ्या. नायलॉनचे नकोत, ते वितळतात. प्रत्येकात साधारण एक किलो कोरडे तांदूळ भरून तोंड गाठीने बांधा. बासमती वाया घालवू नका, रेशनचाही चालतो. एक मोजा मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण तापवर ठेवा, चार-पाच मिनिटांनी बाहेर काढून हलवा, मग दोन-दोन मिनिटांनी तपासत सात-आठ मिनिटांपर्यंत न्या. करपल्याचा वास आला की थांबा. जाड हातमोजे घालून तो मोजा लायनरमध्ये अगदी बोटांपर्यंत सरकवा आणि लायनर शेलमध्येच असू द्या. दहा मिनिटांत फोम मऊ पडतो.

तेवढ्या वेळात पाय तयार ठेवा. जिथे जागा हवी तिथे पायावर काहीतरी जाड ठेवायचं, म्हणजे फोम तिथे दबतो. घोट्याच्या हाडावर ५ मिमी ईव्हीए शीटचा रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा चिकटपट्टीने लावा. ही शीट चपलांचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. बोटांवर जुन्या लोकरी मोज्याचं टोक कापून टोपीसारखं चढवा. वरून स्कीचा पातळ मोजा. तांदूळ काढा, इनसोल टाका, पाय आत, टाच ठोका, बकल दुसऱ्या दातापर्यंतच लावा. बुटाच्या पुढच्या टोकाखाली दोन-तीन सेंमीची फळी ठेवून उभे राहा, म्हणजे वजन टाचेवर जाऊन ती खोबणीत रुतते. गुडघे किंचित वाकलेले, बारा-पंधरा मिनिटं अजिबात हलायचं नाही. या काळात कुणी पुढेमागे डुललं की टाचेची खोबण मोठी होऊन बसते, आणि मग लोक लायनरला दोष देतात. थंड झाल्यावरच पाय काढा आणि एक दिवस बूट बकल लावून ठेवा. मोल्डिंग तीन-चार वेळा करता येतं, पण दर वेळी फोम थोडा मरतो. तेव्हा पहिल्यांदाच नीट करा, घरात कुणाला तरी मदतीला घेऊन.

एवढं करूनही घोटा दुखलाच तर दुखरं हाड नेमकं कुठे येतं ते शोधा. त्या हाडावर ओलं कुंकू लावून लायनरशिवाय पाय शेलमध्ये ठेवा, गुडघा दाबा, शेलवर ठिपका उमटेल. ३ मिमी ईव्हीएचं मधे भोक असलेलं कडं कापा आणि लायनरच्या बाहेरच्या बाजूला, हाडाभोवती लावा. हाडावर गादी ठेवली तर दाब वाढतो, म्हणून भोक. आधी चिकटपट्टीने लावून दोन दिवस बघा, मग फेविबॉण्डने पक्कं करा. टाच अजून उचलत असेल तर इंग्रजी 'एल'च्या आकाराची पट्टी घोट्याच्या मागून खाली, टाचेच्या वर, दोन्ही बाजूंना. एवढ्याने मधल्या बकलवरचा ताण जातो आणि बधिरपणा सहसा तिथेच संपतो. तरी राहिलाच, तर पावलाची पाठ उंच आहे. मग थोडा पातळ इनसोल लावा आणि चढताना ते बकल एक दात सैल ठेवा.

शेल फुगवून घेणं हा शेवटचा उपाय, आणि तो मोच्याकडे किंवा घरच्या हीट गनने करायचा नाही. टूरिंगचे बूट हलके असावेत म्हणून ग्रिलामिड किंवा पेबॅक्ससारख्या पातळ प्लॅस्टिकचे असतात. ते मऊ व्हायला जास्त उष्णता लागते, थंड झालं की मागे येतं, आणि जराशी हयगय झाली की कायमचं वाकतं. पुढच्या धातूच्या खाचांजवळ उष्णता गेली तर त्या सैल होण्याचा धोका असतो. मग बाइंडिंगमधून पाय भलत्या वेळी सुटेल. हे काम दाजींकरवी तिकडच्या बूट-फिटरकडूनच.

नडगी दुखण्याचं तुम्ही लिहिलं नाही, पण उतारावर ते येतं. कारण बहुधा वरचं बकल सैल असणं, मग नडगी दर वळणाला जिभेवर आदळते. जोडीला घोट्याची लवचिकता बघा. उकिडवं बसताना टाचा जमिनीवर टेकून राहतात का? राहत नसतील तर टाचेखाली ३ ते ५ मिमीची पट्टी टाका.

मोजा एकच आणि पातळ, लोकरीचा. थंडीच्या भीतीने दोन मोजे घालू नका. गुलमर्गला रात्री उणे १० अंशांच्या खाली जातं हे खरं, पण पाय गार पडतात ते बऱ्याचदा घट्ट बुटात रक्त अडल्याने. फोड येण्याच्या जागा घरच्या सरावातच कळतात. तिथे मेडिकलमधलं कापडी ल्युकोप्लास्ट आधीच लावा, कोपरे गोल कापून, थेट कोरड्या त्वचेवर. मायक्रोपोर घामात सुटतं. चढताना कुठे गरम लागलं की तिथेच थांबून पट्टी लावायची, माथ्यावर पोचून नाही.

संध्याकाळी लायनर बाहेर काढून वाळवा, पण बुखारीपासून (खोली गरम करायच्या शेगडीपासून) हातभर लांब, नाहीतर मेहनतीने बसवलेला आकार बिघडेल. विमानात बूट हातातल्या सामानात न्या. स्की तिथे भाड्याने मिळतात, तुमच्या पायाचा लायनर मिळणार नाही. हंगामानंतर बूट पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, आपल्याकडच्या मे महिन्यात तळव्याचा डिंक सुटतो.

टाचेमागची फट दोन्ही पायांची मिमीमध्ये मोजून इथे लिहा, आणि बुटावर कोरलेली तळव्याची लांबीही. नंबर बदलायचाच ठरला तर ती लांबी बदलेल आणि बाइंडिंग पुन्हा जुळवून घ्यावं लागेल.