लहान मुलांना दिवाळी गोष्टींतून आणि हाताने काही करून कशी समजावावी?

तुम्ही लिहिलंय की बंगळुरूत राहता, मुलगा सात वर्षांचा, मुलगी चारची, फ्लॅटला अंगण नाही, फक्त बाल्कनी. शाळेतून दर वर्षी छापील पणती रंगवून घरी येते आणि दिवाळी का, असं विचारलं की दोघं एका सुरात सांगतात, 'राम अयोध्येला परत आला'.

ती गोष्ट चुकीची नाही, ती सांगाच. पण आपल्या घरात दिवाळीत जे जे हाताने होतं, त्यातलं फारसं काही त्या गोष्टीला चिकटलेलं नसतं. उटणं लावताना नरकासुर येतो, पाडव्याला बळी, भाऊबीजेला यम आणि यमी. मुलांना वस्तू आणि गोष्ट एकत्र मिळाली की ती विसरत नाहीत. नुसती गोष्ट दोन दिवसांत विरते.

मी सांगलीजवळच्या गावात २२ वर्षं बालवाडी चालवली. पहिली काही वर्षं माझं चुकत होतं. मुलांना गोल बसवून वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत सगळं एका तासात सांगायची. शेवटी एकीने विचारलं, "बाई, बळीला भाऊबीजेला काय मिळालं?" तेव्हापासून आधी हाताला काम द्यायचं ठरवलं. हात गुंतले की मुलं आपोआप प्रश्न विचारतात, आणि गोष्ट तिथून काढायची.

चार वर्षांच्या मुलीसाठी सगळ्यात सोपी सुरुवात कोऱ्या पणत्यांची. तेल पिऊ नये म्हणून आपण नव्या पणत्या पाण्यात भिजत घालतो ना, ते काम तिला द्या. पाण्यात टाकल्याबरोबर पणती चुर्र करते, बुडबुडे सोडते. मातीच्या बारीक भोकांतली हवा बाहेर पडते, हे सातवाल्याला सांगा. चारवालीला सांगितलं नाही तरी चालतं, ती अर्धा तास तिथून हलणार नाही. मग पणत्या वाळवून गेरू आणि चुन्याचे ठिपके. चकचकीत रंग नि टिकल्या आणू नका, चिकटवलेल्या टिकल्या ज्योतीजवळ नकोतच. फुलवाती मात्र तिच्याकडूनच करून घ्या. त्या वाकड्या होतील. त्याच पणत्यांत घाला, आणि लक्ष्मीपूजनाला दारात त्याच पणत्या लावा. मुलांनी केलेलं कपाटात आणि विकतचं दारात, असं झालं की पुढच्या वर्षी ती हात लावत नाहीत.

उटण्यातही लहान हातांना भरपूर काम आहे. मसूर डाळीचं पीठ, मुलतानी माती, आंबेहळद, वाळा, नागरमोथा यांच्या तयार पुड्या आणा, परातीत कालवायला द्या, आधी प्रत्येकाचा वास घेऊ द्या. कागदाच्या पुड्या बांधून शेजाऱ्यांना वाटायला लावा. तुमच्या कन्नड शेजाऱ्यांकडे नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी 'नीरु तुंबुव हब्ब' असतो, म्हणजे हंडे घासूनपुसून स्नानाचं पाणी भरून ठेवायचं. मुलांना तिथे पाठवा. आपलं अभ्यंगस्नान आणि त्यांचं, एकाच पहाटेचं.

माझं माहेर कुडाळचं. तिकडे या दिवसाला चावदिस म्हणतात. आंघोळ झाली की तुळशीपुढे कारीट ठेवून डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं. ते फळ म्हणजे नरकासुर. त्याचा कडू थेंब जिभेला लावायचा आणि मग नव्या तांदळाचे पोहे खायचे, गुळाचे, दह्याचे, ताकातले. पुढे गोव्यात तर रात्रभर नरकासुराचे मोठाले पुतळे मिरवून पहाटे जाळतात. तुम्हाला कारीट मिळेलसं वाटत नाही. मग कागदाच्या लगद्याचा बारका नरकासुर करायला द्या, मिशा वगैरे काढून, आणि पहाटे पायाखाली चेचू द्या. गोष्टीत सत्यभामा गरुडावर कृष्णाबरोबर आहे हे विसरू नका. मुली तिथेच कान टवकारतात. मारामारी चारवालीला दोन वाक्यांत पुरे, कोंडून ठेवलेली माणसं पहाटे सुटली यावर जास्त बोला.

आता बळी. ही गोष्ट मला कायम अवघड गेली. वामनाने तीन पावलं मागितली, बळीने दिली, आणि तिसरं पाऊल त्याच्याच डोक्यावर. एका मुलाने मला सरळ विचारलं, "त्यानं वचन पाळलं, मग त्यालाच का पाताळात घातलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बळीला दुष्ट करून टाकणं सोपं होतं, पण आमच्याकडे पाडव्याला 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतात. दुष्ट राजाचं राज्य कोण मागेल? महात्मा फुल्यांनीही बळीकडे शेतकऱ्यांचा राजा म्हणूनच पाहिलं. मी मुलालाच विचारलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, "त्याला एकदा घरी बोलवायचं." तर गोष्टही तेच सांगते, की बळी वर्षातून एकदा आपल्या प्रजेला भेटायला येतो. तुमचा सातवर्षांचा हे विचारेल. घाईने उत्तर देऊ नका. पाडव्याला रांगोळीने बळी काढायला लावा, कसा दिसत असेल ते त्याचं तो ठरवेल. कन्नड शेजारी बलिपाड्यमीला, म्हणजे त्यांच्या पाडव्याला, काय करतात तेही विचारून यायला सांगा.

आकाशकंदिलाबद्दल थोडक्यात. बांबूच्या कामट्यांची चौकट तुम्ही बांधा, कामटी हाताला लागते. पतंगी कागद आणि झिरमिळ्या मुलांच्या. मैद्याची खळ लागेल तेवढीच रोज ताजी शिजवा. टिकावी म्हणून पूर्वी तिच्यात मोरचूद घालत, ते विष आहे, मुलांच्या हातात नको. एका वर्षी मी बिनमोरचुदाच्या खळीचे १५ कंदील रात्रभर वर्गात ठेवले आणि सकाळी पाहते तर उंदरांची दिवाळी आमच्या आधी झालेली. तेव्हा लगेच उंच टांगा. आत मेणबत्ती नको, छोटा एलईडी दिवा लावा.

आणि किल्ला. अंगण नाही म्हणून सोडू नका, सातवर्षांच्या मुलाला दिवाळीत याहून मोठं काही नाही. बाल्कनीत जाड प्लास्टिक अंथरा, पाणी जायची जाळी कापडाने झाका, नाहीतर माती जाऊन तुंबेल. खोकी आणि चुरगाळलेल्या वर्तमानपत्रांचा डोंगर रचा, गोणपाटाचे तुकडे लाल मातीच्या राड्यात बुडवून त्यावर पसरा. राडा कालवायला धाकटीला बसवा. एक दिवस वाळला की तटबंदी, दरवाजा, पायऱ्या.

कुठला किल्ला? माझं ऐकाल तर जिंजी करा. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांतले ११ महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी, म्हणजे तुम्हाला रायगडापेक्षा जवळ. शिवाजी महाराजांनी तो १६७७ मध्ये घेतला आणि पुढे राजाराम महाराज तिथून मोगलांशी वर्षानुवर्षं झुंजले. तीन टेकड्या आणि त्यांना जोडणारा तट, त्यामुळे रचायलाही मजा येते. दिवाळीनंतर सुट्टी काढून तो प्रत्यक्ष दाखवा, पोरगा आपल्या तटाशी ताडून बघेल.

गोष्ट मात्र हिरकणीची सांगा, भले ती रायगडाची असो. दूध विकायला गडावर आलेली गवळण, दरवाजे बंद झाले, तान्हं घरी, म्हणून अंधारात कडा उतरून गेली. मावळ्यांच्या गर्दीत एक बाई कड्यावर उभी करा. धाकटी रोज तिला उचलून खाली आणून ठेवेल, दादा ओरडेल, आणि तुम्हाला रोज तीच गोष्ट सांगावी लागेल.

किल्ल्यावर हिरवळ उगवायला अळीव किंवा मोहरी वसुबारसेच्या तीनचार दिवस आधी ओल्या मातीवर दाट भुरभुरवा, पहिला दिवस ओलं फडकं घाला, मग सकाळ-संध्याकाळ फवारा. धो धो पाणी ओतलं तर बी घरंगळून पायथ्याशी गोळा होतं आणि डोंगर टकला राहतो. अळीव नसेल तर शोधत फिरू नका, मोहरी तुमच्या मिसळणाच्या डब्यात आहेच.