दिव्यांवरचा राग नेमका कशावरचा असतो?

तुमचे प्रश्न दोन आहेत. पहिला असा की स्पोर्ट्स कारचं नवं रूप आलं की जुने चाहते आकांडतांडव करतात आणि चार-पाच वर्षांनी त्याच गाडीचे गोडवे गातात, मग त्यांच्या पहिल्या प्रतिक्रियेला किंमत द्यायची का? आणि दुसरा, पोर्शे ९११ ची ९९६ ही पिढी तुमच्या आवाक्यात येतेय, पण तिच्या हेडलाइटची इतकी निंदा वाचलीय की मन धजावत नाही. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातच दडलेलं आहे, म्हणून आधी पहिला प्रश्न घेतो.

माझं मत असं की चाहत्यांचा राग बहुतेक वेळा खरा असतो. त्यामागे काहीतरी खरोखर गेलेलं असतं. फक्त बोट भलतीकडे दाखवलेलं असतं. दिवे, जाळी, बंपर यांना नावं ठेवणं सोपं, कारण ते चटकन नजरेत भरतात. जे आतून खुपतंय ते सांगायचं तर गाडीकडे बराच वेळ बघावं लागतं.

९९६ चंच घ्या. ९११ पहिल्यांदा १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात दिसली, तेव्हापासून ९९६ च्या आधीच्या ९९३ पिढीपर्यंत तिचं इंजिन एअर-कूल्ड, म्हणजे पाण्याऐवजी हवेने थंड होणारं, होतं आणि पुढचे दिवे गोल. १९९७ मध्ये ९९६ आली आणि दोन्ही एकदम गेलं. हेडलाइट आणि नारिंगी इंडिकेटर एकाच काचेखाली आले, खाली ओघळ आल्यासारखा आकार झाला, आणि ‘तळलेलं अंडं’ हे नाव तिला कायमचं चिकटलं.

आता तो दिवा एकटा समोर ठेवून पाहा. काही वाईट नाही. सगळे दिवे एकाच युनिटमध्ये घातल्यामुळे कारखान्यात ते बसवणं झटपट आणि स्वस्त झालं. दुखणं वेगळं होतं. हाच दिवा, हेच बॉनेट, हीच पुढची मडगार्डं आणि हेच दरवाजे वर्षभर आधी आलेल्या बॉक्स्टर या पोर्शेच्याच स्वस्त गाडीवर होते. नव्वदीच्या सुरुवातीला पोर्शेची आर्थिक अवस्था बिकट होती. एकाच सुट्या भागांच्या संचावर दोन गाड्या उभ्या करणं हा तगून राहण्याचा मार्ग होता, आणि तो चाललाही. पण ज्याने ९११ साठी बॉक्स्टरपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजले, त्याची गाडी पुढच्या माणसाच्या आरशात बॉक्स्टरच दिसायची. राग त्या सारखेपणाचा होता, निघाला दिव्यावर. पुढे ९९६ टर्बोला वेगळे दिवे मिळाले, २००२ च्या मॉडेलपासून तेच साध्या ९११ वर आले आणि ओरड बरीच निवली. २००४ मध्ये ९९७ आली ती गोल दिवे आणि वेगळे इंडिकेटर घेऊन. इंजिन तरीही पाण्यानेच थंड होणारं होतं, आणि तिचं स्वागत मात्र मनापासून झालं.

दुसरं दुखणं प्रमाणाचं होतं, आणि त्याबद्दल फार कमी लोक बोलले. ९९३ ची लांबी ४२४५ मिलिमीटर, ९९६ ची ४४३०. म्हणजे १८५ मिलिमीटरची वाढ. त्यातली व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराची, वाढ फक्त ७८ (२२७२ वरून २३५०), उरलेली चाकांच्या पुढे-मागे. पुढची काच जास्त तिरपी झाली आणि हवेच्या रोधाचा गुणांक ०.३० वर उतरला, जे अभियांत्रिकीच्या दृष्टीने उत्तमच. या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या असताना मी मुद्दाम बाजूने पाहिल्या आहेत. ९९३ मागच्या चाकांवर दबा धरून बसलेल्या मांजरीसारखी दिसते, सगळं वजन मागे एकवटलेलं. ९९६ मध्ये तेच वजन लांबीभर पसरून जातं. ९९३ मध्ये बसलं की दोन्ही मडगार्डं बॉनेटच्या वर उठून दिसतात, वळणात गाडीचं नाक कुठे आहे ते बघून कळतं. ९९६ चा पुढचा भाग सपाट. ही हानी मला खरी वाटते, आणि तिचा दिव्याशी काडीचा संबंध नाही.

तुमचे मित्र म्हणतात तसं ‘नंतर सगळे गप्प बसतात, म्हणजे टीका चुकीची होती’ असं मात्र म्हणता येत नाही. याचं सर्वांत मोठं उदाहरण १९६३ ची शेव्हरोलेची कॉर्व्हेट स्टिंगरे. जनरल मोटर्सचे डिझाइनप्रमुख बिल मिचेल यांनी हट्टाने तिची मागची काच मधल्या पट्टीने दुभंगली होती. कॉर्व्हेटचे अभियंते झोरा अर्कस-डंटोव्ह यांचा तिला कडाडून विरोध होता, कारण आरशात नेमका मागून येणारा रस्ता झाकला जायचा. पुढच्याच वर्षी पट्टी गेली. काही मालकांनी तर आपल्या १९६३ च्या गाडीतली पट्टी कापून १९६४ ची अखंड काच बसवून घेतली. आज त्याच पट्टीच्या गाड्यांना संग्राहक जास्त मोल देतात. लोक हे सांगून म्हणतात, बघा, टीकाकार हरले. मला हे अजिबात पटत नाही. मागचं दिसत नव्हतं हे तेव्हाही खरं होतं आणि आजही खरं आहे. किंमत वाढली ती गाडी एकाच वर्षाची असल्यामुळे आणि दिसायला देखणी असल्यामुळे. संग्राहकाला गाडी बघायची असते, डंटोव्हना ती चालवायची होती. दोघांचे निकष वेगळे, म्हणून एकाच्या आवडीने दुसऱ्याची तक्रार खोडली जात नाही.

कॉर्व्हेटचाच पुढचा प्रसंग म्हणजे जानेवारी २०१३ मध्ये डेट्रॉइटला आलेली सी७, म्हणजे तिची सातवी पिढी. १९६१ पासून कॉर्व्हेटच्या मागे चार गोल दिवे ही ओळखच झाली होती. सी७ ने ते कोनदार केले आणि ‘हे तर (शेव्हरोलेच्याच) कॅमेरोचे दिवे’ म्हणून गदारोळ उठला. खरं तर १९९० ची झेडआर-वन ही जोरकस कॉर्व्हेट आणि १९९१ ते १९९६ च्या सगळ्याच कॉर्व्हेट यांचे मागचे दिवे गोलाकडून चौकोनाकडे झुकलेले होते, त्यामुळे परंपरा मोडली हा आरोप पूर्ण टिकत नाही. सी७ च्या पाठीत मला खुपतं ते दुसरंच. मधोमध चार एक्झॉस्ट, त्याभोवती काळं प्लास्टिक, दिव्यांच्या शेजारी हवेच्या फटी, वर कडा आणि घड्या. नजर ठरतच नाही. त्यातल्या फटी शोभेच्या नाहीत, हे सांगायलाच हवं. झेड५१ या जास्त पैसे देऊन मिळणाऱ्या पॅकेजमध्ये मागच्या मडगार्डांवरच्या तोंडांतून आत शिरणारी हवा गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे कूलर थंड करून मागून बाहेर पडते. बॉनेटवरच्या जाळीतून रेडिएटरची गरम हवा वर निघते, त्यामुळे वेगात गाडीचं नाक उचललं जात नाही. काम करणाऱ्या प्रत्येक भोकाबद्दल मला आदर आहे. पण ती सगळी एकाच जागी ओरडू लागली की गोल दिवे असते तरी पाठ शांत दिसली नसती.

आणि मग २०१९ ची सी८, आठवी पिढी. इथे मात्र चाहत्यांचं बोट अगदी नेमकं होतं. इंजिन पुढून उचलून सीटच्या मागे नेलं, त्याबरोबर लांब बॉनेट आणि मागे सरकलेली केबिन हा कॉर्व्हेटचा जन्मापासूनचा बांधा संपला. ‘फेरारीसारखी दिसते’ ही तक्रार म्हणजे आपल्या गाडीचा चेहरामोहरा हरवल्याचं दुःख होतं, आणि ते रास्त आहे. तरीही निर्णय मला योग्य वाटतो. पुढे इंजिन ठेवून मागच्या टायरना आणखी पकड देण्याची हद्द संपत आली होती, आणि डंटोव्ह स्वतः १९६० च्या सर्व्ह या प्रायोगिक गाडीपासून मध्यभागी इंजिन असावं म्हणून धडपडत होते. पाठ जाड आणि लांब झाली, कारण इंजिनच्या मागे डिकी ठेवली, गोल्फच्या दोन बॅगा आणि काढलेलं छत मावेल एवढी. मला जास्त लागलं ते क्लच पेडल गेल्याचं. आपोआप गिअर बदलणारा आठ गिअरचा ड्युअल-क्लच बॉक्स, दुसरा पर्यायच नाही. दिसण्यावर इतका वाद झाला की त्या आवाजात ही तक्रार दबूनच गेली.

फोटो पाहून मत बनवू नका, एवढं जाता जाता. बीएमडब्ल्यूची पहिली झेड४, म्हणजे ई८५, २००२ मध्ये आली तेव्हा कंपनीचे डिझाइनप्रमुख ख्रिस बँगल यांच्या हाताखालच्या त्या फुगीर-खोलगट पत्र्यांवर सडकून टीका झाली. फोटोत ते पत्रे चेपल्यासारखे दिसतात. उन्हात गाडीभोवती फिरलं की बाजूवरून उजेड कसा सरकतो ते कळतं, आणि इंडिकेटर ज्या गोल बोधचिन्हात बसवलाय त्यातून जाणारी तिरकी रेघ काय काम करते तेही. नवी गाडी पाहताना चित्रातले दिवे हाताने झाका आणि बाजूच्या दृश्यावरच थांबा. पुढचं चाक ते दरवाजा हे अंतर, काचेची उंची आणि पत्र्याची उंची, चाकांबाहेर लोंबणारा भाग, एवढं बघा. हे खुपत नसेल तर दिव्यांची सवय होते. हेच खुपत असेल तर कोणतंही फेसलिफ्ट उपयोगाचं नाही.

आता तुमची ९९६. दिव्यांमुळे ती सोडू नका. फारच खटकत असतील तर २००२ किंवा त्यानंतरची बघा. खरी चिंता करायची ती इंजिनाची. कॅरेरा, म्हणजे साध्या ९११ मधल्या एम९६ इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग आहे, ज्याला सगळे आयएमएस म्हणतात. ते गेलं तर अख्खं इंजिन जाऊ शकतं. टर्बो आणि जीटी३ या वरच्या प्रकारांमध्ये वेगळ्या घराण्याचं, मेट्झगर इंजिन आहे, त्यांना हा त्रास नाही, पण त्या महाग. म्हणून विकणाऱ्याला आधी विचारा की बेअरिंग बदललंय का, कधी, आणि त्याची पावती आहे का. ऑइल फिल्टर उघडून आत धातूचा चुरा आहे का ते जाणकार मेकॅनिककडून बघून घ्या. ऑइल ठरलेल्या मुदतीच्या आधीच बदलत आलेला मालक भेटला तर गाडीचा रंग आणि दिवे काहीही असोत, त्या गाडीला पहिली पसंती द्या. व्यवहाराआधी पावत्या दाखवायला टाळाटाळ झाली, तर ती गाडी सोडून पुढची बघा.