मास्क घालूनही वास येतोय, मग मास्क खोटा का?

पीपीईबद्दल, म्हणजे प्लांटमधे अंगावर चढवायच्या सुरक्षेच्या सामानाबद्दल, या वेळी इतके प्रश्न आले की सगळे घेणं शक्यच नव्हतं. त्यातले सात घेतलेत. मी २६ वर्षं प्लांटमधे काढली, आधी फिटर म्हणून आणि नंतर सेफ्टीला, त्यामुळे उत्तरं जशी शॉप फ्लोअरवर उभं राहून दिली असती तशीच देतोय.

प्रश्न : मी पेंट शॉपला आहे. आम्हाला एन ९५ मास्क मिळतो तरी थिनरचा वास येतोच, शिफ्ट संपेपर्यंत डोकं जड होतं. एकावर एक दोन मास्क लावले तरी तेच. मास्क डुप्लिकेट असेल का?

मास्क बहुतेक खराच असेल हो, पण तो तुमच्या कामाचा नाहीये. एन ९५ धुळीसाठी असतो, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण, जे पकडायला सगळ्यात अवघड, त्यातले निदान ९५ टक्के तो अडवतो. थिनरची वाफ म्हणजे कण नाहीत, वायू आहे, ती त्या कापडातून हवेसारखीच आत येते, मग तुम्ही दोन लावा नाहीतर चार. उलट दोन लावल्यावर श्वास जड होतो आणि कडेने जास्त हवा गळते. तुम्हाला हवा तो रबराचा हाफ मास्क, ज्याला बाजूला कार्ट्रिज बसतात आणि त्या कार्ट्रिजमधे अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन असतो, तो वाफ धरून ठेवतो. स्प्रे मारताना वाफेबरोबर रंगाचे बारीक थेंबही उडतात म्हणून कार्ट्रिजवर कणांचा फिल्टरही पाहिजे.

कार्ट्रिज मागताना रंगावर जाऊ नका. युरोपियन पद्धतीत सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज तपकिरी पट्ट्याचं असतं, अमेरिकन पद्धतीत काळ्या पट्ट्याचं, आणि अमेरिकन पांढरा म्हणजे आम्ल वायू तर युरोपियन पांढरा म्हणजे धूळ, आता स्टोअरमधे दोन्हीकडचा माल आला तर गोंधळ ठरलेलाच. लेबलवर काय लिहिलंय ते वाचून घ्या. तुमच्या थिनरची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्या रसायनाच्या धोक्यांची माहिती देणारा कागद, मागा, तिच्यात १६ भाग असतात, आठव्या भागात कुठला मास्क आणि कुठले ग्लोव्हज ते दिलेलं असतं. ती शीट बघायला मागणं हा तुमचा हक्क आहे, बिनधास्त मागा.

कार्बन भरला की संपला, पुढची वाफ सरळ आत. आणि तो मास्क घातलेला नसतानाही भरत राहतो, म्हणून जेवायच्या सुट्टीत मास्क रंग मारायच्या बूथच्या खिळ्याला लटकवून गेलात तर परत येईपर्यंत त्याने निम्मं आयुष्य तिथेच घालवलेलं असू शकतं. काढला की हवाबंद पिशवीत टाका. वास आला की बदलू असंही करू नका, कार्ट्रिज किती तासांनी बदलायचं हे प्लांटने आधी ठरवून द्यायचं असतं. नाकावर भरवसा ठेवण्यात किती धोका आहे बघा, कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, आणि हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास असतो खरा पण हवेत त्याचं प्रमाण १०० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत १०० भागांच्या, आसपास गेलं की नाकच बधिर होतं, माणसाला वाटतं गॅस गेला आणि तो तिथेच उभा राहतो.

घालताना रोज एक मिनिट द्या. दोन्ही कार्ट्रिजवर तळहात ठेवून हलकेच श्वास आत ओढा, मास्क चेहऱ्याकडे ओढला जाऊन तसाच चिकटून राहिला पाहिजे. मग बाहेर सोडायच्या झडपेवर हात ठेवून हळू फुंका, कडेने हवा सुटली तर पट्टे परत लावा. दाढी असेल तर, अगदी दोन दिवसांची खुंटं असली तरी, रबर चामडीला नीट बसत नाही. दाढी ठेवायचीच असेल तर सैल हुडचा, मोटरने हवा पुरवणारा मास्क असतो, तो मागा.

आणखी एक, जीव जातो यात म्हणून लिहितोय. कुठलंही कार्ट्रिज ऑक्सिजन तयार करत नाही. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की ती जागा धोक्याची धरतात. टाकीत, खड्ड्यात, साइलोत असा मास्क घालून उतरायचं नाही म्हणजे नाही, तिथे आधी मीटरने हवा तपासायची आणि लागलं तर बाहेरून हवा पुरवणारा सेट घ्यायचा.

डोकं रोज जड होतंय ते डॉक्टरांना दाखवा आणि कुठल्या वाफेत काम करता ते त्यांना सांगा. आणि बूथचा एक्झॉस्ट चालू असतो का तेही बघा, पंखा बंद ठेवून माणसाला मास्क देणं हे उलटं काम आहे.

प्रश्न : मी सुपरवायझर आहे. ड्रिल आणि लेथवरची पोरं हातमोजे घालत नाहीत, सांगून सांगून थकलो. काय करू?

सर, त्यांना घालायला लावू नका. मी मनापासून सांगतोय. फिरत्या मशीनवर हातमोजे नकोत, सैल बाही नको, गळ्यात काही नको.

मी असताना एका प्लांटमधे दारावरच बोर्ड होता, पीपीईशिवाय प्रवेश नाही. नवीन आलेला एक हेल्पर, सगळं कसं व्यवस्थित घालून यायचा, सुती विणलेले हातमोजेसुद्धा. ड्रिलवर जॉब, म्हणजे भोक पाडायचा तुकडा, धरताना धातूच्या चुऱ्याला मोज्याचा एक धागा लागला आणि ड्रिलने तो मोजा असा काही गुंडाळून घेतला की आम्ही इमर्जन्सी स्विच दाबेपर्यंत दोन बोटं गेली होती. नुसता हात असता तर कापलं असतं, सुटला असता. त्या दिवशी तो नियमच पाळत होता आणि नियम लावणाऱ्यांमधे मीही होतो, हे मी विसरू शकत नाही. जॉब हाताने धरायचाच नसतो, तो व्हाइसमधे, म्हणजे शिकंज्यात, पाहिजे. चुरा काढायला हूक किंवा ब्रश, तोही मशीन थांबल्यावर, आणि हातमोजे मशीन बंद असताना धारदार जॉब उचलण्यापुरते.

हातमोज्यांचं अजून एक. केमिकलला सरसकट एकच मोजा चालत नाही. निळे नायट्राइलचे मोजे तेलाला, ग्रीसला चांगले, पण अ‍ॅसिटोनमधे ते बघता बघता फुगतात, तिथे ब्युटाइल रबर लागतं. अमेरिकेत डार्टमथ कॉलेजमधे कॅरन वेटरहान म्हणून रसायनशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. ऑगस्ट १९९६ मधे डायमिथाइल मर्क्युरीचे थोडेसे थेंब त्यांच्या लेटेक्सच्या मोज्यावर पडले, मोजा घातलेला होता, त्या अनुभवी होत्या, तरी पारा आत गेला आणि जून १९९७ मधे त्या गेल्या. नंतर तपासलं तेव्हा कळलं की तसल्या मोज्यातून ते रसायन काही सेकंदांतच आरपार जातं. म्हणून मोजा आहे का एवढं विचारून भागत नाही, कशासाठी कुठला मोजा आणि तो किती मिनिटं टिकतो हे विचारायचं.

प्रश्न : हेल्मेटवर ऑइल पेंटने नाव लिहिलं तर चालेल?

नको. रंगातल्या सॉल्व्हंटने प्लास्टिक कमकुवत होतं आणि बारीक चीर पडली तरी रंगाखाली दिसत नाही. आत बनवल्याच्या तारखेचा गोल शिक्का असतो तो बघा, आणि एकदा जोरात मार बसला की वरून ठीक दिसलं तरी हेल्मेट बदला. आतल्या पट्ट्या आणि कवच यांच्यात जी मोकळी जागा असते तीच धक्का खाते, तिथे रुमाल, मोबाइल कोंबू नका.

प्रश्न : इअरप्लग घातला की बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून मी अधूनमधून काढतो. बहुतेक वेळ तर घातलेलाच असतो, तेवढं पुरेसं नाही का?

नाही पुरत, आणि गणित ऐकाल तर तुम्हालाही धक्का बसेल. ८५ डेसिबलमधे ८ तास ही मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला जेमतेम एक तास. आता समजा तुमचा प्लग ३० डेसिबल कमी करतो. ८ तासांत ४८ मिनिटं तो काढून ठेवलात तर दिवसभराचा हिशोब धरता फायदा उरतो १० डेसिबलचा. अर्धी शिफ्ट काढलात तर फक्त ३ चा. त्या थोड्या वेळात कान जे सोसतो त्याने बाकी वेळची सगळी बचत खाऊन टाकली.

घालायची पद्धतही बहुतेकांची चुकते. हात स्वच्छ पाहिजेत. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक काडीसारखा करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा, तेवढ्यात तो आत फुगून बसतो. समोरच्याला तुमचा प्लग कानाबाहेर निम्मा लटकताना दिसत असेल तर तो बसलेलाच नाही. बोलायची कायम गरज असेल तर बोलण्याचा आवाज येऊ देणारे इलेक्ट्रॉनिक मफ, म्हणजे कानावर बसणारी झाकणं, मिळतात, ते मागा.

माझ्या डाव्या कानात गेली कित्येक वर्षं शिट्टी वाजते. कॉम्प्रेसर रूममधे आम्ही प्लग घालायचोच नाही. रात्री सगळं शांत झालं की ती शिट्टी मोठी होते आणि ती थांबवायला कुठलंही औषध नाही, म्हणून एवढं कळवळून सांगतोय.

प्रश्न : आमच्या लाइनवर आम्ही बायका जास्त आहोत पण बॉयलर सूट, बूट, ग्लोव्हज सगळे पुरुषी साइजचे. बाह्या दुमडून घालतो. तक्रार केली तर नखरे म्हणतात.

ताई, नखरे कसले, ढगळ पीपीई म्हणजे नवा धोका. ग्लोव्हजची रिकामी बोटाची टोकं रोलरमधे अडकतात, दुमडलेल्या बाहीत केमिकल साचतं, मोठ्या बुटात पाय सरकून जिन्यावर पडायला होतं. हार्नेस, म्हणजे उंचीवर काम करताना अंगाला बांधायचा पट्टा, ढिला असेल तर पडल्यावर माणूस त्यातून निसटू शकतो. मास्क चेहऱ्याला बसतो का हे बघायला फिट टेस्ट असते, डोक्यावर हुड घालून गोड किंवा कडू फवारा मारतात, चव लागली की मास्क गळतोय. ती टेस्ट सगळ्यांची करा अशी लेखी मागणी करा, सगळ्या मिळून सह्या करा, आणि कुणाला काय साइज लागतो त्याची यादीच सोबत जोडा म्हणजे स्टोअरला कारण उरत नाही. बायकांच्या पायाची ठेवणच वेगळी असते, पुरुषी बुटाचा लहान नंबर म्हणजे बायकांचा बूट नव्हे, हेही त्यात लिहा.

प्रश्न : मी ठेकेदाराकडे आहे. सेफ्टी शूज आणि हेल्मेटचे पैसे पगारातून कापले. हे बरोबर आहे का? आणि पट्टा न देता वर चढ म्हणाले तर नाही म्हणता येतं का?

बरोबर नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८१ चा १५५ नंबरचा करार आहे, त्याच्या २१ व्या कलमात स्वच्छ लिहिलंय की सुरक्षेच्या उपायांचा खर्च कामगारावर पडता कामा नये. २०२२ च्या जूनमधे सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा ही कामाच्या मूलभूत हक्कांमधे धरली गेली आणि हा करारही मूलभूत करारांमधे आला. त्याचंच १३ वं कलम तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, जिवाला लगेचचा आणि गंभीर धोका आहे असं मानायला सबळ कारण असेल आणि कामगार तिथून बाजूला झाला तर त्याला त्याचा भुर्दंड बसू नये.

आता कागदावरचं हातात यायला काय करायचं, तर पैसे कापल्याची पावती किंवा पगाराची स्लिप जपून ठेवा. मिळालं नसेल त्या वस्तूपुढे रजिस्टरमधे सही करू नका, हे फार महत्त्वाचं, कारण अपघात झाला की पहिलं ते रजिस्टरच काढतात. तक्रार एकट्याने तोंडी करण्यापेक्षा चार जणांनी लेखी करा आणि युनियन किंवा सेफ्टी कमिटी असेल तर त्यांना प्रत द्या. चढायला नाही म्हणतानाही 'मी काम करणार नाही' असं न म्हणता 'पट्टा आणि अडकवायला जागा द्या, लगेच चढतो' असं चार लोकांसमोर म्हणा.

प्रश्न : माझे मिस्टर बॅटरी प्लांटमधे आहेत. कामाचे कपडे घरीच येतात आणि मी आमच्या सगळ्यांच्या कपड्यांत धुते. घरात दोन वर्षांची मुलगी आहे. काही होतं का याने?

हो ताई, होऊ शकतं, आणि तुम्ही विचारलंत ते फार बरं झालं. बॅटरीत शिसं असतं, त्याची धूळ कपड्यांवर, बुटांवर, केसांत बसून घरी येते. लहान मुलं जमिनीवर खेळतात, हात तोंडात घालतात आणि त्यांच्या वाढत्या मेंदूला शिसं अगदी थोडंसुद्धा वाईट. असं घडतं हे अ‍ॅस्बेस्टॉसमुळे जगाला फार महागात कळलंय, नवऱ्याचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांना स्वतः कधी कारखान्यात न जाता वीस-तीस वर्षांनी मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर झालेला आहे.

खरं तर ते कपडे प्लांटमधेच धुवायची सोय प्लांटने करायची, आंघोळीची जागा आणि घरच्या व कामाच्या कपड्यांना वेगळे लॉकर द्यायचे. मिस्टरांना हे मागायला सांगा. तोपर्यंत त्यांनी तिथेच हातपाय, तोंड, शक्य असेल तर केस धुऊन कपडे बदलावेत, बूट उंबऱ्याबाहेर काढावेत आणि मुलीला उचलायच्या आधी आंघोळ करावी. कामाचे कपडे बंद पिशवीत ठेवा, अजिबात झटकू नका, वेगळे धुवा आणि नंतर मशीन किंवा बादली रिकामीच एकदा खळखळून घ्या. घरात कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि डॉक्टरांना सांगून मिस्टरांची, तुमची आणि मुलीची रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या, मुलीची सगळ्यात आधी.