घरात आजारपण आणि मोबाईलवर वाईट बातम्या, यात चांगलं बघायचं तरी कुठे?

तुम्ही लिहिलंय की सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, मिस्टर कामावर असतात, दिवसभर घराबाहेर पडता येत नाही, आणि मोबाईल उघडला की खून, अपघात, फसवणूक. मग जगात चांगलं उरलंय हे मानायचं कशावरून? मी पंचवटीत राहतो. पक्षाघातानंतर माझ्या आईचं सगळं अंथरुणातच करावं लागतं, त्यामुळे तुमचा प्रश्न मला परका नाही.

आधी बातम्यांचं. गोदावरीला पूर आला की सगळे कॅमेरे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर, हे नाशिककरांना सांगायला नको. पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला, यावरून आपण पूर मोजतो. २०१९ च्या ऑगस्टमध्येही तेच चित्र दिवसभर फिरत होतं. त्याच वेळी नदीकाठच्या गल्ल्यांत लोक शेजाऱ्याच्या दुकानातला माल माळ्यावर चढवून देत होते, ते कोण दाखवणार? वाईट गोष्ट एकदम घडते, तिचा फोटो निघतो. चांगुलपणा बहुतेक वेळा रोज तेच तेच केलेलं साधं काम असतं.

एरवी आपण बाजारात जातो, चार माणसं भेटतात, मनाचा तोल राहतो. सेवेत अडकलं की तेच बंद होतं आणि जगाची सगळी खबर मोबाईलवरूनच येते. म्हणून चांगल्या बातम्या शोधत बसू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. माणसांना घरात येऊ द्या आणि नेमकं काम सांगा. "काही लागलं तर सांगा" असं लोक मनापासून म्हणतात, पण काय करायचं ते त्यांना सुचत नाही.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. आईला तपासणीला न्यायचं असलं की खालच्या गॅरेजमधल्या पोरांना हाक मारतो. हातांची प्लास्टिकची खुर्ची, आईला ओढणीने कमरेशी बांधायचं, मग दोघं पुढून खुर्चीचे पाय धरतात, दोघं मागून खुर्चीची पाठ. त्यातला एकजण आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन येतो, आईच्या पातळाला ऑइल लागू नये म्हणून. त्याला हे कुणी सांगितलेलं नाही. जिन्याच्या वळणावर तो दर वेळी म्हणतो, "आजी, कोपर आत घ्या." आईला नीट बोलता येत नाही, पण चांगल्या हाताचं कोपर ती लगेच आत ओढते.

याने थकवा जात नाही, हेही खरं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा गजर लावून. त्या शिणाला झोपच हवी. तेव्हा संकोच सोडा. नणंदेला सांगा, "शनिवारी रात्री तुम्ही बसा, मी झोपते." आणि त्याआधी मिस्टरांची रोजची पाळी ठरवा, आई त्यांची आहे.

बातम्या सकाळी एकदा पाहिल्या की पुरे, रात्री झोपताना तर नकोतच. रडू थांबत नसेल, जेवण जात नसेल, तर १४४१६ ला फोन करा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, रात्री-अपरात्रीही चालते आणि मराठीत बोलता येतं.