समुपदेशकाकडे गेलो तर वकिलीची सनद अडकेल का?

लॉ कॉलेजची मुलं समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुधा मनाचा नसतो, कागदाचा असतो. "मॅडम, याची कुठं नोंद होते का?" बाकीच्या कॉलेजांतली मुलं घरी कळेल का एवढंच विचारतात. कायद्याच्या मुलांना पार पुढचं दिसत असतं: सनद, न्यायाधीशपदाची परीक्षा, चारित्र्य पडताळणी.

अभिजितचंही तसंच झालं. (नाव, तालुका आणि ओळख पटेल असं बाकीचं सगळं बदललं आहे.) भुदरगडकडचा मुलगा, दहावीपर्यंत मराठी माध्यम, पाच वर्षांच्या कोर्सचं तिसरं वर्ष. मी कोल्हापुरातल्या ज्या कॉलेजात बसते तिथली समुपदेशनाची खोली तेव्हा ऑफिसला लागून होती, स्कॉलरशिपच्या खिडकीसमोर. बोनाफाइडच्या रांगेतल्या प्रत्येकाला दिसायचं की आत कोण गेलं. तो आला तो सुट्टीनंतर, शिपाई कुलूप लावायच्या बेतात असताना. सॅक खांद्यावरून उतरवलीच नाही. म्हणाला, "मित्रासाठी विचारायचं होतं."

मित्राची शंका अशी: समुपदेशन घेतलं हे सनद देणाऱ्या बार कौन्सिलला कळलं तर सनद अडकते का? उद्या जेएमएफसीची (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी पदाची) परीक्षा पास झाला आणि हे निघालं तर?

अशा वेळी "घाबरू नकोस" म्हणण्यात अर्थ नसतो. या मुलांना कलम दाखवल्याशिवाय पटत नाही, आणि ते बरंच आहे. अधिवक्ता अधिनियम, १९६१ त्याच्याच सॅकमध्ये होता. म्हटलं, काढ, कलम २४ आणि २४-अ वाच. २४ मध्ये नागरिकत्व, वयाची एकवीस वर्षं, कायद्याची पदवी वगैरे. २४-अ मध्ये वकील म्हणून कुणाची नोंदणी होणार नाही ते: नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला, अस्पृश्यतेसंबंधीच्या कायद्याखाली शिक्षा झालेला, तशाच आरोपावरून सरकारी नोकरीतून काढलेला. त्याने दोनदा वाचलं. समुपदेशन कुठंच नव्हतं. पोलिसांची चारित्र्य पडताळणीही गुन्हे बघते, कोण कुणाजवळ रडलं ते नाही.

मग मी माझ्या टेबलावरचा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ पुढे केला. पूर्वी उपचार घेतले, एवढ्यावरून माणूस आज आजारी आहे असं ठरवता येत नाही, असं कलम ३ सांगतं. आणि आजार असला तरी न्यायालयाने तसं जाहीर केल्याशिवाय त्याला 'अस्थिर मनाचा' म्हणता येत नाही. कलम २३ गोपनीयतेचं. ते मुख्यतः आजारावर उपचार घेणाऱ्यांसाठी आहे, पण समुपदेशकाच्या व्यवसायाची नीतीही तीच. अपवादही त्याच बैठकीत सांगितले: जिवाला धोका असेल, दुसऱ्या कुणाला इजा होणार असेल, न्यायालयाचा आदेश असेल, किंवा लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल, तर मी गप्प राहू शकत नाही. अपवाद ऐकल्यावर मुलांचा विश्वास कमी होईल असं लोकांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे.

सॅक उतरली. "मॅडम, मित्र नाही. मीच."

दुसऱ्या वर्षी कॉलेजातल्या मूट कोर्टला, म्हणजे सरावाच्या लुटुपुटीच्या खटल्याला, तो उभा राहिला होता. "'माय लॉर्ड' म्हटलं आन् पुढचं सगळं पुसलंच गेलं. मागं कोणतरी हसलं." तेव्हापासून वर्गात बसणं कमी झालं. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे सत्तर टक्के हजेरी लागते, ती तर कधीच घसरली होती. त्यावरही त्याच्याकडे उत्तर तयार: दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये म्हटलंय की हजेरी कमी म्हणून लॉच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखता येणार नाही. मी म्हटलं, निकाल दिल्लीचा आहे, आणि परीक्षेला बसू दिलं तरी न ऐकलेलं लेक्चर ऐकल्यासारखं होत नाही. तो पहिल्यांदा हसला.

भीती वाढायला आणखी एक कारण होतं, आणि ते खास आमच्या गावचं. १८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, म्हणजे हायकोर्टाचं कामकाज कोल्हापुरातच चालायला लागलं. वकिलांनी चार दशकांहून जास्त काळ मागितलेली गोष्ट. सगळीकडे साखर वाटली. याच्या पोटात मात्र गोळा. तोवर त्याचा हिशेब साधा होता, आपल्या तालुक्याच्या, गारगोटीच्या कोर्टात वकिली करायची. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. आता वर्गात जो तो हायकोर्टाच्या गोष्टी करायला लागला, आणि तिथं चालते इंग्रजी. "आता आमचं अवघड हाय," तो म्हणाला.

राहायला एका बोर्डिंगात. शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींची वसतिगृहं उभी केली म्हणून खेड्यातली पोरं इथं शिकली, आजही शिकतात. पण हॉलमध्ये आठ कॉट असल्या की घरी फोन केलेलाही सगळे ऐकतात. आई विचारायची, "बरा हाईस न्हवं?" आणि तो आठ जणांदेखत "हां, बरा हाय" म्हणायचा.

आत्मविश्वास वाढवा, आरशासमोर बोला, असले सल्ले मी देत नाही. ज्याला निकालपत्राचं पान वाचायला तास लागतो, त्याची अडचण आधी वाचनाची आहे. त्याच्या संमतीने एका प्राध्यापिकेशी बोलले, तेही फक्त अभ्यासापुरतं. त्यांनी चौथ्या वर्षातल्या एकाशी जोडी लावून दिली. दोघं लायब्ररीत बसायचे: निकाल घ्यायचा, आधी घटना काय ते मराठीत सांगायचं, मग न्यायालयापुढचा प्रश्न, मग निर्णयाचं कारण, आणि शेवटी तेवढाच कारणाचा परिच्छेद इंग्रजीत मोठ्याने वाचायचा.

मधे कॉलेजच्या विधी साहाय्य केंद्राचं करवीर तालुक्यात शिबिर झालं. नवरा वारल्यावर सातबाऱ्यावर नावच लागलं नाही म्हणून एक आजी आल्या होत्या. तिथं काय सांगितलंस, म्हणून मी विचारलं तर त्याने मलाच सगळं ऐकवलं: तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र, मग फेरफार, संबंधितांना नोटीस, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. एकदाही अडखळला नाही. मी फक्त एवढंच म्हटलं की आत्ता तू मुद्द्याला धरून, क्रमाने बोललास, आणि मूटमध्येही हेच करायचं असतं. त्याला ते लगेच पटलं नाही. "ते मराठीत होतं, मॅडम." बरोबरच होतं त्याचं.

पटलं ते सर्किट बेंचचं कामकाज बघून आल्यावर. मोठे वकीलही न्यायमूर्तींनी प्रश्न विचारला की फाइलमध्ये कागद शोधत थांबतात, वाक्य अर्ध्यावर सोडून पुन्हा सुरू करतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं.

पुढे सगळं गोड झालं असं नाही. एक विषय एटीकेटीत राहिला. मूटला तो अजून उभा राहत नाही. संशोधन करून देतो, बोलायला जोडीदार. वर्गात मात्र बसतो. आणि आमची खोली आता लायब्ररीच्या मागे गेली आहे, त्यासाठी मला प्राचार्यांशी बरीच हुज्जत घालावी लागली.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा. तुमच्या कॉलेजात नसेल तर हा निकाल घेऊन ऑफिसात विचारा. लॉचे विद्यार्थी आहात, एवढं तर जमेल. समुपदेशक असेल तर पहिल्याच भेटीत विचारून घ्या की टिपणं कोण ठेवतं, ती प्राचार्यांना दिसतात का, अपवाद कोणते. सरळ उत्तर मिळालं नाही तर दुसरीकडे जायला हरकत नाही. आणि जीव नकोसा वाटत असेल तर कॉलेज उघडायची वाट बघू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.